उसनी नाडी

धुळ्यात, देवपुरात, कॉलेजच्या तळमजल्यावर
माझा एक संगणक रात्रभर तापतो.
सध्या त्यात कौतिकबाईंच्या मेंदूतली
साडेतीन मिलिमीटर रुंद एक रक्तवाहिनी आहे
आणि तिच्या फाट्यावर आलेला फुगा.
(फुगा म्हणायचं नाही त्यांच्यासमोर. गाठही नाही.
डॉक्टर नांद्रे म्हणतात,
पाटाला पोट सुटलं म्हणा, त्यांना कळेल.)

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात नाशिकला
प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरून तो बुजवला.
मला विचारलंय ते पुढचं:
पुन्हा भरेल का?

मी त्या पोकळीचे वीस लाख तुकडे केले.
रक्ताला घनता दिली, चिकटपणा दिला.
वेटोळी सच्छिद्र मानली,
फुटल्या पाटात बाभळीच्या काट्यांचा भराव असावा तशी:
पाणी अडतं,
झिरपायचं थांबत नाही.
भिंत कडक मानली.
ती कडक नसते. पण मानल्याशिवाय गणित सुटत नाही.

सोमवारी त्या आल्या, साक्रीच्या गाडीनं,
हातात फाइल, पिशवीत ओल्या शेंगा.
पडद्यावर निळ्या रेषा वाहत होत्या,
फुग्याच्या तोंडाशी एक लाल डाग.
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.
'हाई रगत मनं शे का?'

मी घसा साफ केला.
वाहिनी तुमची, म्हटलं. वळणं तुमची.
फुग्याचं तोंड तुमचं
(निघून गेलाच शब्द).
नाडी मात्र एका जुन्या शोधनिबंधातली,
कुणा निरोगी तरुणाची, मिनिटाला पंचाहत्तर.
सगळे तीच वापरतात.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
बाहेर कुणी मोटारसायकलला किक मारत होतं,
ती लागत नव्हती.
'दुसराना पानीवर मना फड भिजाडी राहिना का भो?'

त्यांचे वडील पुंजू आबा पांझरेच्या बंधाऱ्यावर पाटकरी.
कुठल्या चारीला किती पाणी चाललंय
ते अंधारात कानानं सांगायचे.
हे मला त्या दिवशी कळलं,
मानेवर जेल लावून डॉप्लर धरताना,
'थंड शे' म्हणून त्या आधी हसल्या, आणि मग बोलत राहिल्या,
आणि मला दोनदा सांगावं लागलं, बोलू नका, आवाज मिसळतो.

पंचाहत्तर नाही. अठ्ठावन्न.
दर वीस-पंचवीस ठोक्यांनी एक चुकलेला,
आणि त्याच्या पुढचा जोरात,
उशिरा घरी आलेल्या माणसानं दार ढकलावं तसा.
हा ठोका माझ्या कुठल्याच समीकरणात नव्हता.

दोन रात्री संगणक चालला.
टरफलांचा ढीग झाला टेबलावर.
लाल डाग गेला नाही.
अर्धा मिलिमीटर सरकला फाट्याच्या अंगाला,
आणि गडद झाला.
डॉक्टरांनी कागदावरचे सहा महिने खोडून
तीन केले.

मी फोनवर त्यांना आकडा सांगितला, शंभरात एकतीस,
आणि तो किती कच्चा आहे तेही.
त्या म्हणाल्या, आबा कधीच बोलले नाहीत
पाट फुटेल की नाही ते.
वळणावर माती ओली दिसली की घरी एवढंच सांगायचे,
'आज रात मी वळणवर जपसू.'

मी मिरजेचा. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं,
हे डॉक्टर नांद्रेंनी नंतर सांगितलं, हसत.
आबा घोंगडी घेऊन तिथंच आडवे व्हायचे, इतकंच.
मला फोनवर दुसरंच ऐकू आलं होतं.

तीन महिने. मंगळवार येतो.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात
मी एकच शब्द लिहून ठेवलाय,
कुठल्या भाषेतला, ते अजून ठरवलेलं नाही.